समुपदेशकाने बोलावले म्हणजे मूल बिघडले असे नाही

शाळेतून चिठ्ठी येते, "पालकांनी समुपदेशक मॅडमना भेटावे." ती वाचून घरात लगेच दोन अर्थ लावले जातात. एक, पोराने काहीतरी मोठा उद्योग करून ठेवला. दोन, शाळा आपल्या लेकराला वेडं ठरवायला निघाली. अब्बूंना कामावरून सुट्टी मिळत नाही. अम्मीला वाटतं, "लोग क्या बोलेंगे?" दादी म्हणतात, "अभी छोटा है, बडा होके सुधर जाएगा." भेट पुढे ढकलली जाते आणि मग होतच नाही. आम्ही शिक्षक मंडळी हे दर वर्षी पाहतो.

प्राथमिक शाळेतला समुपदेशक म्हणजे कोण, तो लहान मुलांसोबत काय करतो, काय करत नाही आणि पालक म्हणून आपण त्याच्याकडून काय मागू शकतो, हे आज समजून घेऊ या.

समुपदेशक म्हणजे कोण?

समुपदेशक डॉक्टर नसतो. तो औषध लिहून देत नाही, इंजेक्शन देत नाही, शॉक देत नाही. शाळेत काम करणाऱ्या समुपदेशकाने बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्य या विषयात एम. ए. किंवा एम. एस. डब्ल्यू. केलेलं असतं, किंवा समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम केलेला असतो. एन. सी. ई. आर. टी. ही केंद्र सरकारची संस्थाही शिक्षकांसाठी मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा असा अभ्यासक्रम चालवते.

त्याचं मुख्य काम एका वाक्यात सांगता येईल. मूल शिकत का नाही, बोलत का नाही, मारतं का, रडतं का, याचं कारण मुलावर शिक्का बसण्याआधी शोधायचं. "ढ", "मस्तीखोर", "आळशी", "कामचोर" हे शब्द वर्गात आणि घरात फार लवकर चिकटतात. दुसरीत चिकटलेला शब्द मूल सातवीपर्यंत अंगावर वागवतं आणि पुढे शाळाच सोडून देतं. हे थांबवायची सगळ्यात सोपी वेळ पहिली ते पाचवीची. म्हणून समुपदेशक दहावीच्या मुलांइतकाच, किंबहुना जास्त, लहान वर्गांना लागतो.

लहान मूल तोंडाने सांगत नाही

मोठा माणूस म्हणतो, "मला टेन्शन आलंय." सात वर्षांचं मूल असं म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं. रोज सकाळी शाळेच्या वेळेला दुखतं आणि रविवारी दुखत नाही. ते खोटं बोलत असतं असं समजू नका. भीती बसलेल्या मुलाचं पोट खरोखरच दुखतं.

काही मुलांची सुटलेली सवय परत येते. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. काही जण नखं कुरतडतात, डबा परत आणतात. काही एकदम गप्प होतात. काही जण आजवर कुणाला हात लावलेला नसताना अचानक शेजारच्या मुलाला मारायला लागतात. घरी नवं बाळ आलं, अब्बू आखातात नोकरीला गेले, नानी वारली, घर बदललं, आई-वडिलांची भांडणं वाढली, तलाक झाला, मोहल्ल्यात दंगा-धावपळ पाहिली, व्हॅनमध्ये कुणी त्रास देतो, वर्गात कुणी नावावरून किंवा कपड्यांवरून चिडवतं, अशी कारणं असतात. घरातल्या मोठ्यांना ती माहीतही असतात. फक्त त्यांचा आणि पोटदुखीचा संबंध कुणी जोडलेला नसतो. तो जोडून पाहणं हे समुपदेशकाचं काम.

मग ते नेमकं करतात काय?

लहान मुलाला समोर बसवून "तुला काय त्रास आहे?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. म्हणून समुपदेशकाच्या खोलीत रंग, कागद, बाहुल्या, माती, चित्रांची कार्डं असतात. मूल घराचं चित्र काढतं, बाहुल्यांचा खेळ मांडतं आणि खेळता खेळता बोलू लागतं. एका चित्रावरून कुणी निष्कर्ष काढत नाही, तशी घाई करू नये. पण चित्र हे बोलण्याचं दार असतं.

समुपदेशक वर्गात मागे बसून पाहतात. मधल्या सुट्टीत पाहतात की मूल कुणासोबत डबा खातं, की एकटंच भिंतीला टेकून उभं असतं. वर्गशिक्षकांशी बोलतात. मग पालकांना बोलावतात. ती चिठ्ठी या टप्प्यावर येते. तुमच्याकडे असलेली माहिती शाळेकडे नसते, एवढाच तिचा अर्थ.

चांगला समुपदेशक फक्त "अडचणीतल्या" मुलांकडे जात नाही. तो सगळ्या वर्गाचा तास घेतो. राग आला तर काय करायचं, कुणी चिडवलं तर कुणाला सांगायचं, चांगला स्पर्श कोणता आणि वाईट कोणता, हे साध्या गोष्टींतून शिकवतो. काही मुलांचे छोटे गट करतो, जसे की नव्याने शाळेत आलेली मुलं किंवा घरी कुणी वारलं आहे अशी मुलं. आणि थोड्या मुलांना एकेकटं भेटतो. ज्या मुलांना याहून जास्त मदत हवी, त्यांना पुढे तज्ज्ञाकडे पाठवतो.

काय करू नये, तेही सांगायला हवं. समुपदेशकाची खोली ही शिक्षेची जागा नाही. "जास्त बोललास तर काउन्सेलरकडे पाठवीन" अशी धमकी वर्गात दिली जात असेल, तर ती चूक शाळेची आहे आणि पालकांनी मुख्याध्यापकांना तसं स्पष्ट सांगावं. गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळायला किंवा प्रवेशाची जाहिरात करायला समुपदेशकाला जुंपणं हीसुद्धा चूकच.

तीन भाषा, तीन लिप्या

आपल्या घरांतल्या मुलांबाबत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. मूल घरी दखनी बोलतं, किंवा कोकणात असेल तर कोकणी मुस्लिम बोली. शाळा उर्दू, मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची. संध्याकाळी मकतबमध्ये अरबी अक्षरं. म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल एकाच दिवसात उजवीकडून डावीकडे वाचतं आणि डावीकडून उजवीकडेही. बहुतेक मुलं हे जमवतात आणि छान जमवतात. जास्त भाषांमुळे मेंदूवर ताण येतो ही समजूत चुकीची आहे.

पण मध्ये एक काळ असा येतो की मूल शाळेच्या नव्या भाषेत गप्प राहतं. ऐकतं, समजतं, पण बोलत नाही. हे काही आठवडे, कधी काही महिने चालतं. ज्या शिक्षकाला त्या मुलाची घरची भाषा माहीत नाही, त्याला वाटतं की मूल मंद आहे. उलटही घडतं. मुलाला खरंच वाचनाची अडचण असते आणि सगळे म्हणत राहतात, "घर में उर्दू है ना, इसलिए मराठी नहीं आती." दोन-तीन वर्षं अशीच जातात.

हा फरक ओळखायला समुपदेशक एक साधा प्रश्न विचारतो. अडचण एकाच भाषेत आहे की सगळ्या भाषांत? मूल कायदा नीट वाचतं, उर्दू वाचतं आणि फक्त मराठीत अडखळतं, तर बहुधा सरावाचा प्रश्न आहे. पण मकतबच्या उस्तादांचीही तीच तक्रार असेल, म्हणजे अक्षरं ओळखता येत नाहीत, जोडून वाचता येत नाही, काल पाठ केलेलं आज आठवत नाही, तर पुढे तपासणी करायला हवी. म्हणून भेटीला जाल तेव्हा मकतबमध्ये मूल कसं वाचतं हे आवर्जून सांगा. समुपदेशकाला ते माहीत असण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि मुलाची कोणतीही चाचणी त्याला समजणाऱ्या भाषेतच व्हावी, असा आग्रह धरा.

आधी डोळे, कान, मग बाकीचं

वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाला फळा दिसत नसतो, हे अनेकदा निघतं. कान वाहत असतो आणि ऐकू कमी येत असतं, हेही निघतं. म्हणून जाणकार समुपदेशक आधी डोळे-कान तपासून यायला सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची आरोग्य तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढची मदत जिल्हा पातळीवरच्या केंद्रात मिळते.

डोळे-कान ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जमत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता पाहिली जाते. यात मुलाची बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज यांची जोडणी मेंदूत वेगळ्या पद्धतीने होते, इतकंच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. साधारण आठ वर्षांच्या आधी अध्ययन अक्षमतेचं निदान पक्कं केलं जात नाही, पण वाचनाची मदत त्याआधीच सुरू करता येते आणि करावी. प्रमाणपत्र अधिकृत सरकारी रुग्णालयातून मिळतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास क्लिनिक आहे. पुढे दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती या प्रमाणपत्रावरच मिळतात. म्हणजे हा कागद लपवायचा नसून जपून ठेवायचा आहे.

अमानत, आणि तिची मर्यादा

पालकांना धास्ती असते की घरातली गोष्ट शाळाभर होईल. मुलाने आणि पालकांनी समुपदेशकाला सांगितलेलं हे अमानत असतं. स्टाफरूममध्ये त्याची चर्चा करणं हा विश्वासघात आहे. वर्गशिक्षकाला लागेल तेवढंच सांगितलं जातं, म्हणजे "या मुलाला पुढच्या बाकावर बसवा" एवढं. का, ते नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते. "नाव होईल, उद्या रिश्ता बघताना कुणी काढेल." शाळा सोडल्याच्या दाखल्यावर समुपदेशनाचा रकाना नसतो आणि गुणपत्रिकेवरही नसतो. नऊ वर्षांच्या मुलीला मदत मिळू न देण्याचं कारण तिचं पंधरा वर्षांनंतरचं लग्न असूच शकत नाही.

मात्र एका ठिकाणी समुपदेशक गप्प राहू शकत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं त्याला कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. हा नियम समुपदेशकाला आहे, शिक्षकाला आहे, मुख्याध्यापकाला आहे आणि आपल्यालाही आहे. करणारा नात्यातला असो, शेजारचा असो, शाळेतला असो की शिकवणीचा, "आपसात मिटवू" हा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. मुलाला सांभाळून घेण्याच्या तरतुदीही याच कायद्यात आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, आणि त्या वेळी अधिकाऱ्याने गणवेशात नसावं असं कायदा सांगतो. मुलाची ओळख माध्यमांत उघड करता येत नाही.

मुलं अशी गोष्ट आधी सांगतात ती अर्धवट. "वो भैया अच्छे नहीं हैं," इतकंच. त्यावर "चुप, ऐसा नहीं बोलते" असं म्हटलं की मूल पुन्हा बोलत नाही. समुपदेशकाला शिकवलेलं असतं की अशा वेळी घाबरायचं नाही, खोदून खोदून विचारायचं नाही, "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही," असं म्हणायचं. हे तर आपल्यालाही घरी करता येतं.

दुआ आणि दवा

मूल रात्री दचकून उठतं, एकटक बघतं, अचानक चिडतं. घरात पहिला विचार येतो नजरेचा. दम करून आणतात, पाणी पाजतात. दुआ करण्याला कुठलाच समुपदेशक आडवा येत नाही. उलट घरातल्या माणसाने जवळ घेऊन डोक्यावर हात ठेवून दुआ पढली, तर मुलाला धीरच येतो. पण दुआसोबत दवाही हवी, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीच आपल्याला शिकवलं आहे. एकटक बघणं आणि त्या वेळी हाक मारल्यावर ओ न देणं हा फिट्सचाही एक प्रकार असू शकतो. तो औषधाने आटोक्यात येतो. "उतरवण्यासाठी" मुलाला मारणारा, धुरी देणारा, उपाशी ठेवणारा कुणी असेल, तर तिथून मुलाला उचलून आणा. महाराष्ट्रात अशा अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे.

आमच्या शाळेत समुपदेशकच नाही, मग?

बहुतेक पालकांचा हाच प्रश्न असेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेसाठी किती शिक्षक, किती खोल्या, याची यादी आहे. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा असं त्यात लिहिलं आहे. त्या यादीत समुपदेशकाचं पद मात्र नाही. म्हणून जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित उर्दू शाळांत हे काम बऱ्याचदा वर्गशिक्षकच करतात, तेही जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या मधल्या वेळात.

आता एक मोठा आधार मिळाला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. विद्यार्थी त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवावी. यात सरकारी शाळा आल्या आणि खाजगीही.

आपल्या समाजाच्या संस्थांच्या शाळांबद्दल वेगळं सांगायला हवं. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं होतं. म्हणून त्या कायद्यातल्या तरतुदी दाखवल्या की काही व्यवस्थापनं "आमच्यावर बंधन नाही" म्हणून मोकळी होतात. २०२५ च्या सूचना त्या कायद्यावर उभ्या नाहीत, त्या सगळ्याच शिक्षणसंस्थांसाठी आहेत. पॉक्सोही सगळ्यांना लागू आहे. अल्पसंख्याक दर्जा हा आपली भाषा आणि ओळख जपण्यासाठी आहे, मुलांच्या सोयी कमी करण्यासाठी नाही. संस्थेच्या सदर साहेबांना हे अदबीने, पण लेखी विचारता येतं.

पूर्ण वेळ पगार परवडत नसेल तर दोन-तीन शाळा मिळून एक समुपदेशक ठेवू शकतात, आठवड्यातले दिवस वाटून घेऊन. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आवाज आपलाच असतो. शिकण्याची अडचण असेल तर मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलावता येतं. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८.

भेटीला जाताना

शक्यतो दोघांनी जा. अब्बू परदेशात असतील तर मामू, चाचा, खाला, जे मुलाला रोज पाहतात त्यांनी जावं. घरी कोणती भाषा बोलता, झोप किती, मोबाइल किती, अलीकडे घरात काय बदललं, हे मोकळेपणाने सांगा. मग तुम्हीही विचारा. हे वागणं कधीपासून दिसतंय? फक्त वर्गातच की मैदानावरही? तुम्ही काय करणार आहात, आम्ही घरी काय करायचं? पुन्हा कधी भेटायचं? समजलं नाही तर उर्दूत किंवा हिंदीत सांगा म्हणावं, त्यात लाज नाही. "मूल दुसऱ्या शाळेत न्या" असं कुणी सुचवलं, तर कारण लेखी मागा. जिथे शिक्षण हक्क कायदा लागू आहे, तिथे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

मूल समुपदेशकाकडे जाऊन आलं की घरी "क्या पूछे तेरेको? तू क्या बोला?" अशी उलटतपासणी घेऊ नका. त्याला खायला द्या, खेळायला सोडा. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा ते सांगेल. आणि दोन भेटींत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. सहा महिने अबोल राहिलेलं मूल आठ दिवसांत बोलत नाही.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्याच पालकसभेत एवढं विचारा: आपल्या शाळेला समुपदेशक आहे का, नसेल तर मुलांना कुठे पाठवलं जातं, आणि ही माहिती भिंतीवर लावली आहे का? पाच पालकांनी मिळून विचारलं तर मुख्याध्यापकांना वरच्यांकडे मागणी करायलाही बळ येतं. आम्ही शिक्षक त्या सभेत समोर बसलेले असतो, आणि हा प्रश्न पालकांकडून यावा असं आमच्यातल्या अनेकांना मनापासून वाटतं.